सोबतीचा अभ्यास

१८८० साल. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या होत्या. वेळ घालवायला त्यांनी एक मिशनरी मासिक उचललं. त्यात हिंदुस्थानातल्या गोपाळराव जोशी नावाच्या पोस्टातल्या कारकुनाचा पत्रव्यवहार छापला होता. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत काही सोय होईल का, असं त्यांनी विचारलं होतं. धर्मांतर करणार असाल तर बघू, अशा अर्थाचं उत्तर त्यांना मिळालं होतं. कार्पेंटरबाईंना ते रुचलं नाही. त्यांनी घरी जाऊन गोपाळरावांच्या पत्नी आनंदीबाईंना पत्र लिहिलं.

पुढचं मराठी वाचकाला पाठ आहे. १८८३ च्या उन्हाळ्यात आनंदीबाई रोझेलला पोचल्या, कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. आपण ही जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. ती आहेच तशी. पण त्या जिद्दीच्या शेजारी एक अनोळखी बाई वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होती, राहायला घर देत होती, आणि कॉलेजच्या डीन रेचल बॉडली जातीने लक्ष घालत होत्या. या प्रकरणात मला बोलायचं आहे ते या शेजारच्या माणसांबद्दल.

आनंदीबाई पदवी घेऊन बाहेर पडल्या त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्याच कॉलेजात सुझन ला फ्लेश नावाची एकवीस वर्षांची मुलगी दाखल झाली. नेब्रास्कातल्या ओमाहा जमातीतली ही मुलगी. लहानपणी तिने आपल्या वस्तीतली एक म्हातारी तळमळत मरताना पाहिली होती. सरकारने नेमलेल्या गोऱ्या डॉक्टरला त्या रात्री चार वेळा निरोप गेले होते, तो आलाच नाही. सुझनच्या शिक्षणाचा भार कनेक्टिकटमधल्या महिलांच्या एका संघटनेने उचलला. त्यांनी फी भरली, पुस्तकं-कपडे पुरवले, पत्रांतून विचारपूस ठेवली. एक अटही घातली: शिकत असताना आणि नंतर काही वर्षं लग्न करायचं नाही. मार्च १८८९ मध्ये सुझन वर्गात पहिली आली. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांमधली ती पहिली स्त्री डॉक्टर. ती आपल्या माणसांत परत गेली, बाराशेहून अधिक लोकांची एकटी डॉक्टर म्हणून घोड्यावरून आणि बग्गीतून हिंडली, आणि १९१३ मध्ये वॉल्टहिल गावात तिने देणग्यांवर इस्पितळ उभं केलं. दोन वर्षांनी ती गेली.

आनंदीबाई आणि सुझन काही महिन्यांच्या अंतराने चुकल्या. त्या भेटल्या असत्या तर काय बोलल्या असत्या, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. दोघींच्याही वाट्याला मदत आली आणि मदतीबरोबर अटीही आल्या. एकीला धर्म बदला म्हणून सांगितलं गेलं, दुसरीला लग्न करू नको म्हणून. आनंदीबाईंनी ती अट धुडकावली, कारण त्यांना बिनशर्त मावशी मिळाली. मदत करणाऱ्याने विद्यार्थ्याचं आयुष्य विकत घेतलेलं नसतं, हे दीडशे वर्षांपूर्वीही खरं होतं. आज शिष्यवृत्ती देणाऱ्या अनेकांना ते पुन्हा सांगावं लागतं.

‘अल्पसंख्याक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धर्म येतो. अमेरिकेत ‘मायनॉरिटी’ म्हटलं की वंश येतो: कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक, मूळ रहिवासी. वैद्यकीय शिक्षणात मात्र तिथे आणखी काटेकोर कसोटी लावतात. एखाद्या समाजाचा लोकसंख्येतला वाटा आणि डॉक्टरांमधला वाटा ताडून बघायचा. डॉक्टरांत तो कमी पडत असेल तर त्या समाजाला ‘प्रतिनिधित्व अपुरं असलेला’ म्हणायचं. भारतीय वंशाचे लोक अमेरिकेत संख्येने थोडे आहेत, पण डॉक्टरांमध्ये भरपूर. म्हणून ते अल्पसंख्याक असूनही या यादीत नाहीत. कृष्णवर्णीय लोकसंख्येत तेरा-चौदा टक्के आहेत, डॉक्टरांमध्ये सहा टक्क्यांच्या आसपास.

ही दरी आपोआप पडली नाही. ती कशी पडली ते सविस्तर बघायला हवं, कारण ‘त्या मुलांना झेपत नाही’ या सर्रास ऐकू येणाऱ्या वाक्याचं उत्तर तिथेच आहे.

१८२० च्या दशकात सॅम्युएल मेहॅरी नावाचा एक गरीब गोरा पोरगा मिठाची गाडी हाकत टेनेसी-केंटकीच्या सीमेवरून चालला होता. रात्री पावसात गाडी चिखलात रुतली. जवळच्या झोपडीत नुकतंच गुलामीतून सुटलेलं एक कृष्णवर्णीय कुटुंब राहत होतं. कोणी पळवून नेऊन पुन्हा विकेल, ही भीती त्यांच्या डोक्यावर होतीच. तरी त्यांनी त्याला आसरा दिला, जेवू घातलं आणि सकाळी गाडी बाहेर काढून दिली. जवळ पैसे नव्हते, म्हणून कधीतरी तुमच्या लोकांसाठी काही करीन, असा शब्द सॅम्युएलने दिला. पन्नास वर्षांनी त्याने आणि त्याच्या चार भावांनी पंधरा हजार डॉलरहून अधिक दिले, आणि १८७६ मध्ये नॅशव्हिलला मेहॅरी मेडिकल कॉलेज सुरू झालं. कॉलेज ही हकिगत आजही अभिमानाने सांगतं. त्या कुटुंबाचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही.

वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय मेहॅरीच्याही आधीचं, १८६८ चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांना शिकवणारी सात वैद्यकीय महाविद्यालयं चालू होती. मग अब्राहम फ्लेक्सनर आला.

फ्लेक्सनर डॉक्टर नव्हता, लुइव्हिलचा शाळामास्तर होता. कार्नेगी फाउंडेशनने त्याला अमेरिका आणि कॅनडातली वैद्यकीय महाविद्यालयं तपासायला पाठवलं. त्याने १५५ महाविद्यालयं पाहिली आणि १९१० मध्ये अहवाल दिला. अहवालात दम होता, हे मान्य करायला हवं. प्रयोगशाळा नाही, रुग्ण नाहीत, नुसती फी घेऊन पदवी विकायची, असे धंदे त्या काळी बोकाळले होते, आणि फ्लेक्सनरने ते उघडे पाडले. आजच्या वैद्यकीय शिक्षणाची घडी त्याच अहवालाने बसवली. पण त्यातलं जेमतेम दोन पानांचं एक प्रकरण कृष्णवर्णीयांच्या शिक्षणावर आहे. त्यात त्याने सुचवलं की हॉवर्ड आणि मेहॅरी तेवढी जगवावीत, बाकीच्या पाचांत जीव ओतून उपयोग नाही. कृष्णवर्णीय डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपेक्षा स्वच्छता आणि आरोग्यरक्षणाकडे वळावं, असंही त्याचं मत होतं. कारण? त्यांच्या वस्तीतले रोग गोऱ्यांच्या वस्तीत पसरतात. म्हणजे कृष्णवर्णीय डॉक्टर हवा तो आधी गोऱ्यांच्या संरक्षणासाठी.

पाचही महाविद्यालयं बंद पडली. नॉक्सव्हिल १९१० मध्ये, न्यू ऑर्लिन्सचं फ्लिंट १९११ मध्ये, लुइव्हिल १९१२ मध्ये, रॉलीचं लिओनार्ड १९१८ मध्ये आणि मेम्फिसचं १९२३ मध्ये. गोऱ्यांची महाविद्यालयंही कितीतरी बंद झाली, पण तिथल्या विद्यार्थ्याला दुसरं दार होतं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला देशभरात जवळजवळ दोनच दारं उरली, आणि तेही पुढची पन्नासएक वर्षं. ही पाच महाविद्यालयं टिकली असती तर २०१९ पर्यंत किती डॉक्टर घडले असते, याचा हिशेब काही संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. उत्तर आलं पस्तीस हजारांहून अधिक.

जे डॉक्टर झाले त्यांची वाटही सरळ नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखा त्यांना सभासदच करून घेत नसत, आणि सभासदत्वाशिवाय अनेक इस्पितळांची दारं बंद. म्हणून कृष्णवर्णीय डॉक्टरांनी १८९५ मध्येच आपली वेगळी नॅशनल मेडिकल असोसिएशन काढली होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या वागणुकीबद्दल माफी मागितली ती २००८ मध्ये.

डॉक्टर कुठल्या समाजाचा आहे याने रुग्णाला काय फरक पडतो? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर मिळालं ते कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. मार्सेला अल्सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केशकर्तनालयांत आणि जुन्या बाजारांत जाऊन कृष्णवर्णीय पुरुषांना मोफत तपासणीच्या चिठ्ठ्या वाटल्या. सहाशेहून अधिक जण दवाखान्यात आले. तिथे चौदा डॉक्टर होते, सहा कृष्णवर्णीय, आठ इतर, आणि कोणाला कोण मिळेल हे नशिबावर सोडलेलं होतं. आधी प्रत्येकाला टॅब्लेटवर डॉक्टरचा फोटो दाखवून कुठल्या तपासण्या करायच्या ते विचारलं. तेव्हा फरक दिसला नाही. मग ते डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटले. कृष्णवर्णीय डॉक्टर भेटलेल्यांनी जास्त तपासण्या करून घेतल्या, विशेषतः सुई टोचून रक्त द्यावं लागणाऱ्या. कातडीचा रंग फोटोतही दिसत होता, तेव्हा नुसत्या रंगाने काम झालं नव्हतं. काम झालं ते बोलण्याने आणि ऐकून घेण्याने. असे डॉक्टर पुरेसे असते तर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या पुरुषांमधल्या हृदयविकाराच्या मृत्यूंची तफावत १९ टक्क्यांनी घटली असती, असा अंदाज त्यांनी काढला. ज्या देशात सरकारी आरोग्यसेवेने टस्किगी इथे शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं मुद्दाम उपचाराविना ठेवून नुसता पाहिला, तिथे हा विश्वास औषधाइतकाच मोलाचा आहे.

आता विद्यार्थ्याकडे वळू.

अमेरिकेत बारावीनंतर थेट मेडिकल नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, मग चार वर्षं मेडिकल, त्यानंतर तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. आपल्या ‘नीट’सारखा एका आकड्यावर निकाल लागत नाही. प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात, डॉक्टरांच्या मागे हिंडल्याचा अनुभव लागतो, प्रयोगशाळेत काम केल्याचा दाखला लागतो, निबंध लागतो, मुलाखत लागते. डॉक्टरच्या मुलीला हे सगळं जेवणाच्या टेबलावर कळतं. बस चालवणाऱ्याच्या मुलाला अर्ज भरायची तारीख उलटून गेल्यावर कळतं. शेवटी पदवी हातात येते तेव्हा डोक्यावर दोन लाख डॉलरच्या आसपास कर्ज असतं.

तरीही पहिली ठेच या सगळ्याच्या कितीतरी आधी लागते. ती लागते पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात आणि गणितात. नापास झालेला मुलगा मुकाट्याने विषय बदलतो, आणि डॉक्टर व्हायचं होतं हे पुन्हा कुणाला सांगत नाही.

युरी ट्राइस्मन हा बर्कलीच्या विद्यापीठातला गणिताचा तरुण शिक्षक. १९७० च्या दशकात त्याच्या लक्षात आलं की कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होतात आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चमकतात. त्याने प्राध्यापकांना कारण विचारलं. ठरलेली उत्तरं मिळाली: इच्छाशक्ती कमी, पाया कच्चा, घरचा पाठिंबा नाही, गरिबी. ट्राइस्मनने ती उत्तरं मान्य करण्याआधी एक साधी गोष्ट केली. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि दीडएक वर्ष ते कसे अभ्यास करतात हे त्यांच्या खोल्यांत जाऊन पाहिलं.

चारही कारणं कोसळली. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत शाळेत पहिले आलेले होते. घरचे त्यांच्यासाठी जीव टाकत होते. ते नेमाने अभ्यास करत: तासाला दोन तास, म्हणजे आठवड्याला आठ तास, जसं त्यांना सांगितलं गेलं होतं तसं. आणि तो अभ्यास ते एकटे, खोलीचं दार लावून करत. वीसपैकी अठरा जण वर्गातल्या कुणाबरोबरही कधीच अभ्यासाला बसले नव्हते. चिनी वंशाची मुलं आठवड्याला चौदाएक तास देत होती. एकटी बसून गणितं सोडवत आणि संध्याकाळी जेवताना वह्या उघडून ताडून बघत. कुणाचं चुकलं, कुणाला दुसरी रीत सुचली, गेल्या वर्षी परीक्षेत काय आलं होतं, सगळं बाहेर यायचं. एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर ते खरोखरच अवघड आहे, हे कळायचं. बंद दाराआडच्या मुलाला मात्र वाटायचं की आपलंच डोकं चालत नाही.

ती मुलं एकटी का बसत? शाळेत ती तशीच टिकली होती म्हणून. आजूबाजूच्या दोस्तमंडळींपासून अभ्यास वेगळा ठेवला, म्हणून तर ती बर्कलीपर्यंत आली. ज्या सवयीने त्यांना तिथवर आणलं, तीच तिथे त्यांना बुडवत होती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. खेड्यातून एकटा आलेला, कुणाशी न बोलता कोपऱ्यात पुस्तकात डोकं घालून बसणारा मुलगा आपल्या वर्गात कुणी पाहिलेला नाही? आपण त्याला अभ्यासू म्हणून सोडून दिलं होतं.

ट्राइस्मनने पुढे जे केलं त्यात खरी अक्कल होती. त्याने कच्च्या मुलांसाठी जादा तास काढले नाहीत. अशा तासांना स्वाभिमानी मुलगा जात नाही, आणि गेला तर आपण कच्चे असल्याचा शिक्का घेऊन परततो. त्याने हुशार मुलांसाठी म्हणून कार्यशाळा काढल्या, त्यात वर्गापेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटाने सोडवायला लावली. नापासांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. मदत मिळतेय असं न वाटता आव्हान मिळतंय असं वाटणं, हा त्याचा गाभा.

लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये झेवियर नावाचं लहानसं विद्यापीठ आहे. फिलाडेल्फियाच्या एका बँकरची मुलगी कॅथरीन ड्रेक्सेल नन झाली आणि वाट्याला आलेली संपत्ती तिने कृष्णवर्णीयांच्या आणि मूळ रहिवाशांच्या शिक्षणावर घातली. १९२५ मध्ये उभं राहिलेलं झेवियर हे त्यातलंच. विद्यार्थी तीनेक हजार, तिजोरी बेताची, येणारी मुलं बरीचशी अशा सरकारी शाळांतली जिथे रसायनशास्त्राची धड प्रयोगशाळा नसते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर तिथून वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मुलं मेडिकलला जात. १९९० च्या दशकात देशातल्या कुठल्याही विद्यापीठापेक्षा जास्त कृष्णवर्णीय विद्यार्थी झेवियरमधून मेडिकलला जाऊ लागले. हार्वर्ड, येल यांची नावं त्या यादीत त्याच्या खाली.

यामागे रसायनशास्त्राचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. कारमायकेल आणि १९६८ ते २०१५ अशी ४७ वर्षं विद्यापीठाचे अध्यक्ष असलेले नॉर्मन फ्रान्सिस होते. नॉर्मन फ्रान्सिस एका न्हाव्याचे चिरंजीव. त्यांनी जे केलं ते ऐकायला इतकं साधं आहे की मनात येतं, एवढंच? विज्ञान शिकवणारे प्राध्यापक एकत्र बसले आणि पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम सगळ्या तुकड्यांना एकच केला. स्वतः कार्यपुस्तिका लिहिल्या. कुठला शब्द अडतो, कुठली पायरी राहून जाते, ते शोधून पुस्तिकेत घातलं. वरचेवर छोट्या परीक्षा घेतल्या, म्हणजे सत्राअखेर अचानक कडेलोट नाही. पहिल्या परीक्षेत घसरलेल्याला बोलावणं जायचं. गटाने अभ्यास हा ऐच्छिक नव्हता, रीतच ती होती. कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात शाळकरी मुलांची शिबिरं भरायची, त्यात तर्काने विचार करायचा सराव. आणि मेडिकलचा अर्ज कधी भरायचा, पत्रं कुणाकडून घ्यायची, मुलाखतीला काय विचारतात, याचा मेडिकल-प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या कार्यालयाने आखून दिलेला पाढा. कार्यालयाच्या भिंतींवर मेडिकलला प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांचे फोटो. नव्या मुलाला त्या भिंतीवर आपल्याच गल्लीतली कुणी ताई दिसायची.

यात कुठेही जादू नाही. प्राध्यापकांचा वेळ आहे, जो पदोन्नतीत मोजला जात नाही. माझ्या मते म्हणूनच मोठ्या, श्रीमंत विद्यापीठांना हे जमलं नाही. त्यांच्याकडे निवडायला भरपूर मुलं होती, घडवायची गरज नव्हती. ‘डावीकडे बघा, उजवीकडे बघा, तिघांतला एकच टिकेल’ हे अमेरिकन कॉलेजांतलं पहिल्या दिवसाचं जुनं भाषण. बाल्टिमोरजवळच्या मेरीलँड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी ते उलटं केलं. डावी-उजवीकडचे दोघेही पास झाले पाहिजेत, ही जबाबदारी तुमची, असं ते मुलांना सांगत. बर्मिंगहॅमच्या १९६३ च्या आंदोलनात वयाच्या बाराव्या वर्षी तुरुंगात गेलेला हा गणितज्ञ. १९८८ मध्ये रॉबर्ट मेयरहॉफ यांच्या देणगीतून त्यांनी सुरू केलेल्या योजनेतून किझमेकिया कॉर्बेट शिकली. २०२० मध्ये मॉडर्ना लस ज्या संशोधनावर उभी राहिली, त्या चमूतली ती एक प्रमुख शास्त्रज्ञ.

कधी संस्था नसते तेव्हा मुलंच एकमेकांची संस्था होतात. न्यूअर्कमधल्या एका शाळेतले सॅम्प्सन डेव्हिस, रॅमेक हंट आणि जॉर्ज जेंकिन्स हे तीन मित्र. सेटन हॉल विद्यापीठाचे लोक शाळेत येऊन गरीब मुलांसाठी असलेल्या वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय वाटेची माहिती देऊन गेले, आणि तिघांनी शपथ घेतली की जायचं तर तिघांनी, पूर्ण करायचं तर तिघांनी. मध्यंतरी त्यांच्यातल्या काहींचे पाय घसरले. सॅम्प्सन सतराव्या वर्षी एका लुटीत पकडला गेला होता. उरलेल्यांनी हात सोडला नाही. दोघं डॉक्टर झाले, जेंकिन्स दंतवैद्य. डेव्हिस ज्या इस्पितळात जन्मला, तिथल्याच तातडीच्या विभागात डॉक्टर म्हणून परतला.

आपल्याकडे राखीव जागांचं दार राज्यघटनेने उघडलं, आणि ते उघडं आहे याचं मोल अमेरिकेकडे पाहिलं की अधिकच कळतं. पण दारातून आत आलेल्या मुलीशी मेसमध्ये कोण बोलतं, जुन्या नोट्स तिच्यापर्यंत पोचतात का, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी तिला उभं राहू देतात का, हे घटनेत लिहून होत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातल्या एका तरुण पदव्युत्तर डॉक्टरने जीव दिला. सहकारी जातीवरून छळत होते, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं. मेळघाटातून किंवा गडचिरोलीतून पहिल्या पिढीत मेडिकलला आलेल्या प्रत्येक मुलामुलीच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे का, हे कॉलेजने पहिल्या आठवड्यात बघायला हवं. चौकशी समितीची वेळ येईपर्यंत थांबायला नको.

अमेरिकेत तर दारच पुन्हा पुन्हा अरुंद होत आलं आहे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरपैकी सोळा जागा वंचितांसाठी ठेवल्या होत्या. ॲलन बाकी या गोऱ्या उमेदवाराने दावा लावला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा रद्द केल्या. वंश हा अनेक मुद्द्यांपैकी एक म्हणून बघायला तेवढी मुभा ठेवली. त्या वर्षी ५४२ कृष्णवर्णीय पुरुष मेडिकलला दाखल झाले होते. २०१४ मध्ये, छत्तीस वर्षांनी, ५१५. जून २०२३ मध्ये न्यायालयाने ती उरलेली मुभाही काढून घेतली. २०२४ च्या पहिल्या वर्षात कृष्णवर्णीय विद्यार्थी आदल्या वर्षापेक्षा ११.६ टक्क्यांनी घटले, सुझन ला फ्लेशच्या समाजातले, म्हणजे मूळ रहिवाशांपैकी, २२.१ टक्क्यांनी.

ऑगस्ट २०२४ मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने कृष्णवर्णीयांच्या चार वैद्यकीय महाविद्यालयांना मिळून साठ कोटी डॉलर जाहीर केले. हॉवर्ड, मेहॅरी आणि अटलांटाचं मोरहाउस यांना प्रत्येकी साडेसतरा कोटी, लॉस एंजेलिसच्या चार्ल्स ड्रू विद्यापीठाला साडेसात कोटी. त्याखेरीज पन्नास लाख डॉलर न्यू ऑर्लिन्सच्या झेवियरला मिळाले. आजवर दुसऱ्यांच्या मेडिकल कॉलेजांना विद्यार्थी पाठवणारं झेवियर आता ऑक्सनर या इस्पितळ-समूहाबरोबर स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय उभारत आहे. फ्लेक्सनरच्या अहवालानंतर १९११ मध्ये फ्लिंट मेडिकल कॉलेज बंद पडलं, ते याच शहरात.